साडेअकराचा स्कॅन

“लागला गं बाई, लागला!” सुलभाताई बसल्या जागेवरून ओरडल्या आणि अख्ख्या खोलीने कीबोर्ड पुढे ढकलले.

नऊच्या नऊ कॉम्प्युटर मुके झाले होते. माउस हलवला की बाण दोन बोटं सरकून थांबायचा. आकडा टाइप केला तर तो आपण पाणी पिऊन आल्यावर उमटायचा. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात अँटीव्हायरसचं ते एवढंसं चित्र मात्र जोमाने फिरत होतं. भिंतीवरच्या घड्याळात बरोबर साडेअकरा. सुलभाताईंनी ड्रॉवरमधून लसणाची पिशवी काढली, पलीकडच्या दोघींनी चिवड्याचा डबा उघडला, कुणी विणकाम काढलं, आणि मागच्या रांगेतली करुणा साळवे पर्स काखेला मारून मागच्या जिन्याने कुठेतरी निघून गेली.

“हे रोजचं आहे?” मी विचारलं. नोकरीतला माझा तिसरा दिवस होता.

“रोजचं. अँटीव्हायरसचा स्कॅन लागतो ना, मग पावणेएकपर्यंत काही हलत नाही. ये, बस. लसूण सोल.”

“आणि तुम्ही आजवर कुणाला सांगितलं नाही?”

“कुणाला सांगायचं?” सुलभाताई हसल्या. “कॉम्प्युटरवाली तूच ना आता?”

तर ती कॉम्प्युटरवाली मी, हर्षदा तौर. गोष्ट दोन हजार नऊच्या मे महिन्यातली, जालन्यातल्या एका बियाण्यांच्या कंपनीतली. मी चोवीस वर्षांची, हातात ताजा डिप्लोमा आणि तोंडाला लगाम नाही. तो अजूनही नाही, पण तेव्हा तर अजिबातच नव्हता. कंपनीने मला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर रामराम. आणि रामराम झाला असता तर मला परत अंबडला जाऊन, येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांपुढे पोह्यांच्या बश्या घेऊन उभं राहावं लागलं असतं. त्यामुळे मी कायम होणार म्हणजे होणारच, असं मी मनाशी पक्कं ठरवलं होतं.

आमचं काम थोडक्यात सांगते. बियाण्याचा लॉट आला की त्यातले दाणे मोजून ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे. आठ दिवसांनी कागद उलगडायचा आणि किती दाणे उगवले ते मोजायचं. ही मोजणी काचेपलीकडच्या लॅबमध्ये व्हायची आणि ते आकडे आमच्या खोलीत कॉम्प्युटरवर चढायचे. आकडा चढला तर पिशवीला टॅग लागणार, टॅग लागला तर ट्रक सुटणार. मे महिन्यात गेटपासून पार मोंढ्याच्या बाजारापर्यंत ट्रक उभे असायचे. आणि इथे नऊ माणसं सव्वा तास लसूण सोलत बसलेली! माझं डोकंच फिरलं.

मी तडक लॅबच्या प्रमुख नसीम मॅडमकडे गेले. पन्नाशीच्या बाई, चष्मा साखळीला अडकवलेला, आवाज एकदम हळू.

“मॅडम, हा स्कॅन भलत्या वेळेला लावलाय. मशीन जुनी, मेमरी कमी, त्यात पूर्ण तपासणी. कशी चालतील? संध्याकाळी सुट्टीनंतर लावला तर कुणाला कळणारसुद्धा नाही. दहा मिनिटांचं काम आहे, फक्त पासवर्ड द्या.”

“राहू दे,” त्या कागदावरची नजर न उचलता म्हणाल्या. “सीझन संपू दे, मग बघू.”

“अहो, पण सीझनमध्येच तर गरज आहे!”

“हर्षदा, नवीन आहेस. थोडं दमानं घे.”

दोन दिवसांनी मी परत विचारलं. परत तेच. मला वाटलं, ह्या बाईंना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही आणि ते कबूल करायची लाज वाटते. असली माणसं मी कॉलेजात ढिगाने पाहिली होती. तिसऱ्यांदा मी त्यांना विचारलंच नाही. वरच्या मजल्यावर जनरल मॅनेजर कुलथे साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि पाच मिनिटांत त्यांना सगळा हिशेब मांडून दाखवला: सव्वा तास, नऊ माणसं, महिन्याचे सव्वीस दिवस.

कुलथे साहेबांच्या डोळ्यांत चमकच आली. कामाच्या वेळेवर त्या माणसाचा भारी जीव. गेटवर अंगठा लावायचं मशीन जालन्यात पहिल्यांदा आणलं ते त्यांनीच. एकदा आत आलात की सुट्टीपर्यंत गेटबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलंत की अर्धा दिवस गेला. कोणत्या ऑपरेटरने तासाला किती आकडे चढवले, त्याचा कागद रोज संध्याकाळी त्यांच्या टेबलावर जायचा.

“मी समजत होतो, ती मशीनंच तशी आहेत,” ते म्हणाले. “तौर, हा साडेअकराचा घोळ तू मिटव. बुधवारी मी स्वतः खाली येऊन बघतो. नीट चाललं तर सहा महिने कशाला थांबायचं? तिथल्या तिथे कायमची ऑर्डर देतो.”

मी तरंगतच खाली आले. साहेबांचा फोन माझ्याआधी पोचला होता. नसीम मॅडमनी पासवर्डची चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली आणि परत आपल्या कागदांकडे वळल्या.

सोमवारी सुट्टी झाल्यावर मी स्कॅनची वेळ बदलली. साडेअकराच्या जागी संध्याकाळचे सात. मंगळवारी सकाळी मी नवा ड्रेस घालून गेले. आता माझं कौतुक होणार, निदान सुलभाताई तरी पाठीवर थाप मारणार, असं मी धरूनच चालले होते.

साडेअकरा वाजले. काही झालं नाही. कॉम्प्युटर पळत होते, आकडे पटापट चढत होते, आणि खोलीत कुणीतरी गेल्यासारखी शांतता. लसणाची पिशवी ड्रॉवरमध्येच राहिली.

“काय मग, कसं वाटतंय?” मी विचारलं.

“झकास,” सुलभाताई म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

माझा पारा चढला. म्हटलं, कामचुकार लेकाचे! रोजची फुकटची सुट्टी गेली म्हणून तोंडं पाडून बसलेत. मी मुद्दाम खोलीतून फेरी मारायला निघाले. मागच्या रांगेत करुणा टाइप करत होती, पण दर मिनिटाला घड्याळाकडे बघत होती. ओठ दाताखाली धरलेला. आणि एक जाड फाइल तिने छातीशी उभी धरली होती, तीही एका हाताने टाइप करत. फाइल जरा सरकली तेव्हा मला तिच्या कुर्त्यावर ओला डाग दिसला.

“पाणी सांडलं का गं?” मी विचारलं.

करुणाने फाइल गच्च धरली. मान वर केलीच नाही. शेजारच्या मुलीने माझ्याकडे असं काही बघितलं की मी काय केलं तेच मला कळेना.

एवढ्यात गेटवरून वॉचमनचा फोन आला. मीच उचलला.

“करुणा मॅडमला पाठवा की. म्हातारी कवाची येऊन बसलीय.”

“कोण म्हातारी? कामाच्या वेळी भेटीगाठी चालणार नाहीत!” मी फोन आपटला आणि तावातावाने जिना उतरले. म्हटलं, असं आहे होय! साडेअकराला बाईसाहेब पाहुण्यांना भेटायला जातात. आज हा प्रकार कायमचा बंद करते.

वॉचमनची खोली गेटच्या आतल्या बाजूला, पत्र्याची. तिच्या बाहेर दहा पावलांवरच मला रडणं ऐकू आलं. तान्ह्या बाळाचं. नुसतं रडणं नव्हे, रडून रडून आवाज बसलेला. आत नऊवारीतली एक म्हातारी बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होती. खाटेवर दुधाची बाटली तशीच भरलेली पडली होती.

“करुणा कुठंय?” तिने मला बघताक्षणी विचारलं. “तुम्ही आपिसातल्याच ना बाई? आज तुमची मशीनं बसली न्हाईत का?”

“म्हणजे?”

“आवं, रोज साडेअकराला बसत्यात न्हवं? मग माझी सून येती, पोरीला पाजती, अन् जाती. तीन महिन्यांची पोर हाय. बाटलीला तोंड लावंना. वाटीचमच्यानं पाजावं तर फू करून उडविती. सकाळी सातला पाजलेली, त्येच्यावर काय न्हाई पोटात. मी भर उन्हात रिक्षानं घिऊन येती रोज. आज काय झालं?”

आज काय झालं ते मला त्या पत्र्याखाली उभ्या उभ्या कळलं. मला रडू फुटलं असतं, पण म्हातारीपुढे रडायची लाज वाटली.

“आज... मशीन बिघडलं,” मी म्हणाले. “म्हणजे नीट झालं. थांबा आजी, पाठवते मी.”

जिना मी दोन-दोन पायऱ्या टाकत चढले. “करुणा, ऊठ! पळ खाली. मी टाकते तुझे आकडे.”

ती माझ्याकडे बघतच राहिली.

“अगं जा ना बाई! रडतेय ती!”

करुणा फाइल टाकून अशी पळाली की खुर्ची मागच्या मागे कलंडली. मी ती उचलली, तिच्या नावाने उघडलेल्या स्क्रीनपुढे बसले आणि आकडे टाकायला लागले. लॉट नंबर, उगवलेले दाणे, न उगवलेले, कुजके. मला वाटायचं हे काम कुणीही करेल. अर्ध्या तासात माझे एकेचाळीस आकडे झाले, त्यातले सहा चुकलेले. करुणा तेवढ्या वेळात शंभर टाकायची.

सुलभाताई खुर्ची सरकवत माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी न विचारता माझे सहा आकडे दुरुस्त केले.

“मला सांगायचं तरी होतं,” मी पुटपुटले.

“तुला?” पाठीमागून नसीम मॅडमचा आवाज आला. “पहिल्याच दिवशी तू आम्हाला तुझ्या मामाच्या पोटाच्या ऑपरेशनपासून शेजारणीच्या भांडणापर्यंत सगळं सांगितलंस. तुला कोण सांगेल?”

मॅडम शेजारच्या स्टुलावर बसल्या. “दोन महिन्यांची रजा संपवून करुणा परत आली. तिच्या नवऱ्याची कंपनी बंद पडलीय, घरात हिचाच पगार. कुलथे साहेबांकडे गेले मी, म्हटलं जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोर उपाशी राहते, दिवसातून एकदा अर्धा तास गेटपर्यंत सोडा. साहेब म्हणाले, एकीला सोडलं की सगळ्यांना सोडावं लागतं. कायद्यात आहे म्हणून सांगितलं, तर म्हणाले, मग तिला म्हणावं, कायद्यालाच नोकरी माग. दुसऱ्या दिवशी करुणाने राजीनामा लिहून आणला. मी म्हटलं, दोन दिवस दे मला.”

“आणि तुम्ही स्कॅन लावला.”

“अँटीव्हायरसवाला माणूस आला होता बसवायला. त्याने विचारलं, मॅडम, स्कॅन किती वाजता ठेवू? रात्रीचा ठेवतो. मी म्हटलं, साडेअकरा. तो म्हणाला, अहो, मशीन बसतील! मी म्हटलं, बसू देत.”

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. या बाईंना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, असं मी समजत होते!

“सगळ्यांना ठाऊक होतं?”

“सगळ्यांना,” सुलभाताई म्हणाल्या. “वाया गेलेले आकडे आम्ही दुपारून वाटून घेतो. ट्रक एकही अडलेला नाही, काढून बघ.” मग ड्रॉवर उघडून त्यांनी लसणाची पिशवी नुसतीच इकडची तिकडे केली. “माझ्या वेळी स्कॅन नव्हता गं. पोरासाठी नोकरी सोडली, सात वर्षं घरी बसले. परत आले तर माझ्या हाताखालची पोरगी माझी साहेब झाली होती.”

पावणेएकला करुणा आली. तोंड धुऊन आली होती. “झोपली,” एवढंच म्हणाली आणि जागेवर बसली. मी उठताना तिने माझा हात जरासा धरला आणि लगेच सोडला. शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

बुधवार उजाडला. साहेब साडेअकराला येणार होते. मंगळवारी सुट्टी झाल्यावर मी वेळ परत जागच्या जागी आणून ठेवली होती. रात्रभर मी साहेबांना काय सांगायचं ते घोकलं. खरं सांगितलं तर नसीम मॅडमच्या नोकरीवर गदा, करुणा तर गेलीच. तेव्हा खोटंच सांगायचं होतं, पण असं की पटलं पाहिजे.

अकरा अठ्ठावीसला साहेब आले. हात पाठीमागे बांधून खोलीच्या मधोमध उभे राहिले. कॉम्प्युटर पळत होते. साहेबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. साडेअकरा वाजले आणि नऊच्या नऊ स्क्रीन गोठल्या.

“लागला,” सुलभाताई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

“तौर, हे काय?”

“साहेब, स्कॅन.”

“ते दिसतंय मला! काल तर चाललं होतं म्हणे?”

“काल चाललं तोच घोटाळा झाला, साहेब. मी स्कॅन सातला लावला. पण सुट्टी झाली की वॉचमन मेन स्विच बंद करतो. सातला मशीनच बंद, मग स्कॅन कुठून होणार? एक दिवस तपासणीच झाली नाही. एखादा व्हायरस शिरला आणि आकडे इकडचे तिकडे झाले, तर सत्तरच्या जागी नव्वद लागतील. नापास लॉटला टॅग लागेल. शेतात उगवलं नाही तर...” मी मुद्दाम तिथे थांबले. स्विचचं मात्र शंभर टक्के खरं होतं. माझ्या हुशारीत ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

साहेबांचा चेहरा जरा उतरला. “मग स्विच चालू ठेवायचा.”

“गोडाऊनला शॉर्टसर्किट झालं तेव्हा तुम्हीच हुकूम काढला होता, साहेब.”

“मग जेवणाच्या सुट्टीत लाव.”

“जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. स्कॅन सव्वा तासाचा.”

“कमी कर ना! त्यासाठीच घेतलंय तुला!”

कमी करता येत होता. नको ते फोल्डर वगळले असते तर वीस मिनिटांत संपला असता, मशीनही बसली नसती. ते मला येत होतं, झोपेतसुद्धा आलं असतं. मागच्या रांगेतली खुर्ची अजून रिकामी झाली नव्हती. साहेब समोर असेपर्यंत करुणाला उठता येत नव्हतं, आणि खाली पत्र्याच्या खोलीत म्हातारी येऊन बसलेली असणार. एकेक मिनिट मला टोचत होतं.

“नाही होत, साहेब.”

“म्हणजे तुला जमलं नाही, असंच ना?”

आयुष्यात मला कुणी असं विचारलं नव्हतं. शाळेत गणितात पैकीच्या पैकी घेणारी मी. अख्ख्या खोलीसमोर मी मान खाली घातली.

“नाही जमलं, साहेब.”

“बढाया मारायच्या आधी विचार करत जा,” ते म्हणाले आणि जिना चढून गेले. त्यांच्या बुटांचा आवाज वरच्या मजल्यावर पोचायच्या आत करुणा मागच्या जिन्याने खाली गेली होती. सुलभाताईंनी लसणाची पिशवी काढली आणि अर्धी माझ्या पुढ्यात ओतली.

सहा महिने संपले तेव्हा मला पत्र आलं: तांत्रिक ज्ञान बेताचे, मुदत सहा महिने वाढवण्यात येत आहे. घरी सांगितलं तेव्हा आईने दोन दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं, तिसऱ्या दिवशी एका मुलाचा फोटो पुढे केला. मी साडेअकराला लसूण सोलत राहिले. आता मला तो सुलभाताईंपेक्षाही पटापट सोलता येतो.

जानेवारी संपता संपता एक दिवस करुणा माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली. “मॅडम, रेवा आता वरणभात खाते. आजीच्या हाताने वाटीतलं दूधही पिते. उद्यापासून तुम्ही स्कॅन कुठेही लावा. माझ्यापायी तुमची ऑर्डर अडलीय.”

माझ्या मनात उकळ्या फुटल्या, खोटं कशाला सांगू? ती जागेवर जायच्या आत मी सेटिंग उघडलं. फोल्डर वगळले. स्कॅन वीस मिनिटांवर आला. आता नुसतं एक बटण दाबायचं आणि वर जाऊन साहेबांना सांगायचं.

“हर्षदा, हात आवर,” सुलभाताई माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या.

“आता काय?”

त्यांनी हनुवटीने काचेपलीकडे दाखवलं. तिथे मोजणीच्या टेबलावर दिवाळीनंतर लागलेली मीनल बसली होती. चिमट्याने एकेक कोंब उचलून बाजूला ठेवत होती.

“पाचवा लागलाय तिला. कालच बोलली.”

मीनलने मान वर केली. आम्ही दोघी तिच्याकडे बघतोय हे तिच्या लक्षात आलं आणि तिने घाईघाईने ओढणी पोटावर सारखी केली.

मी सेटिंग बंद केलं. जतन करायचं का, असं मशीनने विचारलं. मी नाही म्हटलं.

मला कायम केल्याचं पत्र मिळालं तेव्हा वॉचमनच्या खोलीत तिसरं बाळ दूध पीत होतं.